आयबीएस आणि 'हाय फायबर': तुमच्या पोटाला काय मानवलं?

परवा लक्ष्मीपुरीत किराणा घेताना एका काकांनी दुकानदाराला विचारलं, "आयबीएसला ही कोंड्याची बिस्किटं चालतात काय हो?" तो म्हणाला, "चालतात की, फायबर हाय त्यात!" म्हटलं, आता इथं फोरमवर चर्चेचा धागा काढावाच.

माझ्यापासून सुरुवात करतो. आयबीएसचं, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम या आतड्याच्या जुनाट दुखण्याचं, निदान होऊन सात वर्षं झाली. पहिलं काय केलं, तर मिसळ सोडली. कोल्हापुरात राहून मिसळ सोडणं म्हणजे काय, ते बाहेरच्यांना कळायचं नाही. तिच्या जागी सकाळी चहाबरोबर 'हाय फायबर' बिस्किटं सुरू केली. अकरा वाजेपर्यंत पोट डब्ब व्हायचं, पँटचं बटण सैल करून ऑफिसात बसायचो. वर्षभरानं आहारतज्ज्ञ बाईंनी पुडा मागवून मागची बारीक अक्षरं वाचायला लावली. इन्युलिन, म्हणजे चिकोरीच्या मुळातलं फायबर. कांदा-लसणात जे फ्रुक्टन असतं, त्याच जातीचं. लहान आतड्यात पचत नाही, मोठ्या आतड्यात जंतू ते आंबवतात आणि गॅस धरतो. कांदा टाळायला मिसळ सोडली आणि त्याचा सख्खा भाऊ बिस्किटातून खात होतो! १०० ग्रॅममागे ६ ग्रॅम फायबर असलं की पुड्यावर 'हाय फायबर' लिहिता येतं. ते कसलं फायबर, ते मात्र मागं वळूनच बघावं लागतं.

तुमचं लिहा. औषधाचे डोस सांगू नका, काय खाल्लं आणि काय झालं तेवढंच.

बावड्याची मास्तरीण
माझा बद्धकोष्ठाचा प्रकार. आई म्हणायची कोंडा खा, म्हणून चाळलेला गव्हाचा कोंडा परत कणकेत मिसळायचे. पोट साफ होणं राहिलं बाजूला, कळा वाढल्या. तिसऱ्या तासाला फळ्याकडं तोंड करून दात आवळून उभी राहायचे. पोरांना वाटायचं बाई चिडल्यात. डॉक्टरांनी कोंडा बंद करून इसबगोल दिलं. त्यांनी समजावलं ते असं: कोंडा पाण्यात विरघळत नाही, आयबीएसच्या हळव्या आतड्याला तो टोचतो, इसबगोल पाणी धरून बुळबुळीत होतं, मळ मऊ करतं. पण मी हावरटपणा केला, पहिल्याच दिवशी दोन मोठे चमचे. रात्रभर पोटात ढोल-ताशा! मग अर्ध्या छोट्या चमच्यापासून, पेलाभर पाण्यातून, आठवड्याला थोडं थोडं वाढवत नेलं. महिन्यानं फरक कळला. एक सांगते, थायरॉईडची गोळी आणि इसबगोल एकदम घेऊ नका. गोळी नीट शोषली जात नाही, दोन्हींत किती तास ठेवायचे ते डॉक्टरांना विचारा.

सेकंड शिफ्ट, गोकुळ शिरगाव
माझं उलटं. जेवलं की पळ. कंपनीत संडास एका टोकाला, मशीन दुसऱ्या टोकाला. मला वाटायचं इसबगोल म्हंजे पोट साफ करायचं औषध, आपल्याला कशाला? डॉक्टर म्हटले, घेऊन बघा, ते पाणी शोषून घेतं, पातळ असंल तर बांधतं. बरंच बांधलं भावा. पण टेन्शन असलं की आजबी पळतोयच, खोटं कशाला बोलू.

सून, उत्तरेश्वर पेठ
सासूबाई प्रेमानं मल्टिग्रेन आटा दळून आणतात. गहू, सोयाबीन, हरभरा डाळ. त्यानं माझं पोट फुगायचं, पण नाही म्हणता येईना. शेवटी डॉक्टरांच्या तोंडून वदवलं. आता माझ्यापुरती ज्वारीची भाकरी, दुधी, गाजर, पिकली पपई. सासूबाई सवत्या चुलीवरून चार दिवस बोलल्या, मग त्यांनाच भाकरी आवडायला लागली.

गडहिंग्लजकर
नाचणीची आंबील. बाकी काय नको.

आयडी नको
थोडं कडू लिहितो. माझ्या भावाला बावन्नाव्या वर्षी पोटाचा त्रास सुरू झाला. आम्हीच 'आयबीएस असंल' म्हणत घरात ओट्स आणले. वजन उतरत होतं, शौचातून रक्त जात होतं, हिमोग्लोबिन कमी. तो आयबीएस नव्हता. पन्नाशीनंतर नव्यानं सुरू झालेला त्रास, रक्त, उतरतं वजन, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, यातलं काही असेल तर फायबर बदलत बसू नका, आधी तपासणी करा.

(धागा काढणारा: हे वरती चिकटवायला हवं होतं. आभार.)

रंकाळ्याचा फेरीवाला
सगळं पटलं, पण मिसळीचं काय? कटातला कांदा गाळून घेतला तर?

धागा काढणारा
उपयोग नाही हो, मी करून बसलोय. फ्रुक्टन पाण्यात उतरतं, कांदा काढला तरी कटात राहतंच. तेलात मात्र उतरत नाही. म्हणून घरी लसूण तेलात तळतो, पाकळ्या काढून टाकतो आणि त्या तेलात रस्सा करतो. बायको त्याला 'मिसळीचं श्राद्ध' म्हणते, पण दोन वाट्या पचतात.