मिथिलीन ब्लू उडाला, प्रोसेसचं लाल पाणी मात्र ढिम्म

पंचगंगाकाठ:
एमएस्सीचा प्रोजेक्ट. उन्हात पावडरीनं पाण्यातला रंग तोडायचा. १० पीपीएम (लिटरला १० मिलिग्रॅम) मिथिलीन ब्लू हा निळा रंग, १०० मिली. त्यात १०० मिलिग्रॅम टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी पावडर, स्फटिकाचा प्रकार अ‍ॅनाटेज. गच्चीवर वायर ओढून मॅग्नेटिक स्टरर लावला. बारा ते दीडच्या उन्हात पाणी नितळ. मी खूश, मॅडम खूश.

मग हौस आली. मामा इचलकरंजीत एका प्रोसेसला (कापड रंगवायच्या कारखान्यात) जिगरवर, म्हणजे रंगाईच्या मशीनवर आहेत, त्यांच्याकडून रिअ‍ॅक्टिव्ह लालचं बाटलीभर पाणी आणलं. तीच पावडर, तेच ऊन, वर तीन तास. माझंच डोकं तापलं, पाणी कोकम सरबतासारखं तसंच. पावडर खराब की माझी पद्धत? पुढच्या आठवड्यात सेमिनार आहे.

डाइंगमास्तर:
पावडरीतलं मला कळत नाही, पाण्यातलं कळतं. तुझ्या बाटलीत नुसता रंग नाही. रिअ‍ॅक्टिव्हमध्ये रंग कापडावर ढकलायला मीठ घालतात, लिटरला ५०-६० ग्रॅमसुद्धा. मग रंग पक्का व्हायला सोडा अ‍ॅश. पीएच ११ च्या आसपास जातो. पीएच पेपर लावून बघितलास का?

आणि पोरी, पाणी नितळ झालं म्हणजे रंग मेला असं धरू नकोस. व्हॅटचा निळा, म्हणजे इंडिगो, हायड्रोमध्ये (सोडियम हायड्रोसल्फाइट) गेला की पिवळट पडतो, कापड हवेत उचललं की परत निळा. तीस वर्षं त्याच्यावरच पोट भरतोय.

अर्धीपीएचडी:
मास्तरांनी नेमकं धरलंय. टायटॅनियाच्या कणांवर साधारण साडेसहा पीएचच्या वर ऋणभार येतो. मिथिलीन ब्लू धनभारित, म्हणून जाऊन चिकटतो. रिअ‍ॅक्टिव्ह रंगावर सल्फोनेटचे गट, तोही ऋण. पीएच ११ ला दोघं एकमेकांना जवळ करत नाहीत, आणि उन्हात कणावर तयार होऊन रंग तोडणाऱ्या हायड्रॉक्सिल रॅडिकलचं आयुष्य इतकं क्षणाचं की काम कणाला खेटूनच व्हावं लागतं. त्यात सोड्याचा कार्बोनेट रॅडिकल फस्त करतो. अ‍ॅनाटेजला लागतो ३८७ नॅनोमीटरच्या आतला प्रकाश. उन्हात अतिनील जेमतेम ४-५ टक्के, तोही तुझं गडद पाणी वरच्या वर गिळतं.

पण मला शंका निळ्याचीच आहे. अंधारातला कंट्रोल (तुलनेसाठीचा प्रयोग) केलास? पावडर आणि रंग, खोक्यात झाकून अर्धा तास. दुसरा बिनपावडरीचा, उन्हात. सेंट्रिफ्यूज करूनच स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ६६४ नॅनोमीटरला वाच. साध्या फिल्टर पेपरमधून बारीक कण निसटतात आणि रीडिंग फुगतं. खाली बसलेली पावडर कुठल्या रंगाची होती? निळी असेल तर थोडा रंग तुटला नाही, नुसता चिकटलाय.

पंचगंगाकाठ:
ताई, निळी होती. मी ती धुऊन वाळवून डबीत ठेवलीय, बघितलंच नव्हतं असं म्हणताही येत नाही.

आज अंधारात केलं. जवळजवळ एक तृतीयांश निळा ऊन न लागताच गेला. बिनपावडरीचा उन्हात थोडासाच फिका पडला. म्हणजे उरलेलं काम पावडरीनं केलं, पण मी सगळंच तिच्या नावावर मांडलं होतं.

लाल पाण्याचा पीएच खरंच ११ निघाला. ते दहापट पातळ केलं, मग अ‍ॅसिड घालून ४ वर आणलं (सोडा जरा फसफसला). दोन तासांत फिकं गुलाबी.

डाइंगमास्तर:
दहापट पाणी घालून फिकं करणं आम्हालाही जमतं! आणि रोज लाखो लिटरला एवढं अ‍ॅसिड कोण आणणार, मग बाहेर सोडताना परत न्यूट्रल कोण करणार? मामांना विचार.

पंचगंगाकाठ:
मास्तर, पातळ पाण्याचाच अंधारातला कंट्रोलही ठेवला होता. तो अजून चांगलाच लाल आहे, तेवढं तरी द्या मला.

अर्धीपीएचडी:
दिलं. पण अ‍ॅझो रंगात दोन नायट्रोजनमधला दुहेरी बंध तुटला की लाली जाते, बेंझिनची कडी पाण्यातच राहू शकते. म्हणून आधी-नंतरचा सीओडी काढ, म्हणजे पाण्यातलं सेंद्रिय द्रव्य डायक्रोमेटनं जाळून मोज. त्यात मीठ विसरू नकोस. क्लोराइड डायक्रोमेट खातं आणि आकडा उगाच वाढतो. मर्क्युरिक सल्फेट घाल, आणि तो पारा बेसिनमध्ये ओतू नकोस.

पंचगंगाकाठ:
सोमवारी सीओडी लावते. ती निळी डबी सेमिनारला टेबलावर ठेवणार आहे, मॅडमना अजून सांगितलेलं नाही.