मदत हवी आहे : नवशिक्याने इलेक्ट्रिक गिटारचे पिकअप बदलावेत का?

मंडळी, गेले काही दिवस हा एकच प्रश्न डोक्यात घोळतोय आणि जितकं वाचतेय तितका गोंधळ वाढतोय, म्हणून इथे विचारते.

मी इलेक्ट्रिक गिटार शिकतेय, अजून नवशिकीच आहे. गिटार सुरुवात करणाऱ्यांकडे असते तशीच, स्ट्रॅटच्या (फेंडर स्ट्रॅटोकास्टरच्या) आकाराची. तिच्यावर तीन पिकअप, म्हणजे तारांचं कंपन पकडून ॲम्पकडे पाठवणारे भाग. ब्रिजजवळ (तारा खोडावर जिथे टेकतात तिथे) दोन कॉइलचा हमबकर, मध्ये आणि नेकजवळ (मानेजवळ) एकेक सिंगल कॉइल. ॲम्प सरावाचा, छोट्या स्पीकरचा. साधे कॉर्ड, बॅरे कॉर्ड आणि पेंटॅटॉनिकमधली थोडीफार लीड, इतपत हात बसलाय.

तक्रार आवाजाची आहे. ब्रिजच्या हमबकरवर ॲम्पचा गेन (सिग्नल वाढवून आवाज फाटका करणारं बटण) चढवला की पॉवर कॉर्ड छान वाजतात, पण सहाही तारांचा पूर्ण कॉर्ड घेतला की नुसता लगदा होतो. कॉर्ड मेजर आहे की मायनर हेसुद्धा धड कळत नाही. नेकच्या पिकअपवर जाड सहावी तार बाकीच्या तारांना गिळून टाकते. त्याच तारेवर बाराव्या पट्टीच्या (फ्रेटच्या) पुढे एखादा स्वर धरला तर त्याच्या आत दुसरंच काहीतरी बेसूर लहरत असल्यासारखं ऐकू येतं, आणि ट्यूनरचा काटा एका जागी थांबत नाही. शिवाय सिंगल कॉइलवर सतत गुंSSS चालू असतं. तारा गिटारसोबत आलेल्याच आहेत.

ओळखीतला एकजण फार सुंदर वाजवतो. त्याने गिटार हातात घेऊन पाहिली आणि म्हणाला, "मान सरळ आहे, पट्ट्या नीट आहेत, पिकअप तेवढे बदल, गिटारच नवी वाटेल." शिकवणारे सर म्हणतात, "आधी हात घडू दे, मग बघू." सरांचं पटतं. पण आवाज कानाला गोड लागला तर सरावाला बसावंसं वाटतं, हेही खरंच आहे. माझ्यासारखीने पिकअप बदलले तर फरक कळेल का, आणि बदलायचे तर तिन्ही बदलावेत की एखादाच?

प्रतिसाद

तुम्ही तक्रार इतकी नेमकी लिहिलीत म्हणून उत्तर देणं सोपं झालं. तीनपैकी दोन गोष्टी पिकअप न बदलता सुटतील असं वाटतं.

आधी ती लहर. तुमच्या नेकच्या पिकअपची उंची जास्त आहे. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. स्टीलची तार चुंबकाच्या क्षेत्रात थरथरली की त्या वेढ्यांत वीज निर्माण होते, तोच आपला सिग्नल. पण चुंबक तारेला ओढतोसुद्धा. फार जवळ असेल तर तारेचं कंपन दोन दिशांना वेगवेगळ्या गतीने होऊ लागतं आणि एका स्वरात दोन स्वर भांडल्यासारखे ऐकू येतात. ज्या सिंगल कॉइलमध्ये सहा खांब स्वतःच अल्निकोचे (ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट असलेल्या मिश्रधातूचे) चुंबक असतात, तिथे हा त्रास सगळ्यात जास्त. स्ट्रॅट वाजवणाऱ्यांचं हे जुनं दुखणं आहे.

उपाय स्क्रू ड्रायव्हरचा. सहावी तार शेवटच्या पट्टीवर दाबून धरा आणि तारेची खालची कड ते पिकअपचा खांब हे अंतर मोजा. नेकला जाड तारेच्या बाजूला अडीच मिलिमीटर, बारीक तारेच्या बाजूला दोन, इथून सुरुवात करा. पिकअपच्या दोन्ही टोकांचे स्क्रू उलटे फिरवले की तो खाली जातो. एका वेळी अर्धाच फेरा द्या, वाजवा, ऐका, मग पुढचा अर्धा. सहावी तार गिळते ती तक्रारही इथेच मिटेल. ब्रिजच्या हमबकरला दीड ते दोन मिलिमीटर चालतं, कारण तिथे तार कमी हलते.

हे करायच्या आधी तारा बदला! गिटारसोबत आलेल्या तारांवर किती काळ गेलाय कोण जाणे. तार जुनी झाली, घामाने गंजली की तिचे वरचे हार्मोनिक्स (मूळ स्वरासोबत उमटणारे उंच स्वर) मरतात आणि ती वरच्या पट्ट्यांवर सुरात राहत नाही. मेलेल्या तारांवर बसून पिकअपचा निकाल लावणं मला अजिबात पटत नाही. नव्या तारा चढवल्या की इंटोनेशनही, म्हणजे वरच्या पट्ट्यांवर तार सुरात राहते का तेही, तपासा. बाराव्या पट्टीवरचा हार्मोनिक आणि तिथेच दाबून वाजवलेला स्वर ट्यूनरवर एकच यायला हवा.

आता लगदा. इथे जगातला कुठलाही पिकअप कामाला येणार नाही. डिस्टॉर्शनमध्ये, म्हणजे गेनने फाटलेल्या आवाजात, दोन स्वर एकत्र गेले की त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे नवे स्वर तयार होतात. पॉवर कॉर्डमध्ये मूळ स्वर आणि पंचम, म्हणजे कंपनसंख्या दोनास तीन. वजाबाकीतून निघणारा स्वर मूळ स्वराच्या एक सप्तक खाली बरोब्बर बसतो, म्हणून कॉर्ड उलट भरदार वाटतो. मेजर कॉर्डमधल्या गंधाराचं तसं होत नाही. गिटारच्या पट्ट्या समान अंतराच्या स्वरमेळात बसवलेल्या असतात. त्यात पंचम शुद्ध प्रमाणापासून जेमतेम 2 सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) ढळलेला असतो, गंधार मात्र 14 सेंट चढा असतो. स्वच्छ आवाजात ते खपून जातं, पण गेन चढवला की वजाबाकीचे स्वर एकमेकांशी भांडायला लागतात. गेन निम्म्यावर आणा, गिटारचा व्हॉल्यूम सहा-सातवर ठेवा आणि सहाऐवजी तीनच तारा वाजवा. आपण ज्यांना ऐकत मोठे झालो त्या बऱ्याच रॉक रेकॉर्डिंगमध्ये गेन आपल्या समजुतीपेक्षा कितीतरी कमी आहे.

हे सगळं झाल्यावर फोनवर एक मिनिट रेकॉर्ड करा आणि आधीच्याशी ताडून बघा. त्यानंतरही जे कानाला खटकेल तेवढ्यापुरताच पिकअपचा विचार करा. आणि खरं सांगायचं तर आवाजात पिकअपइतकाच, कित्येकदा जास्तच, वाटा ॲम्पचा आणि त्याच्या स्पीकरचा असतो.

प्रतिसाद

वरच्यांशी जवळजवळ सहमत. पण "नवशिक्याने पिकअपला हात लावू नये" असा अर्थ कुणी काढू नये म्हणून थोडं लिहितो.

गुंSSS हा सिंगल कॉइलचा स्वभाव आहे, खराबी नाही. वायरिंगमधल्या विजेची 50 किंवा 60 हर्ट्झची लहर ती कॉइल अँटेनासारखी पकडते. सेथ लव्हर यांनी गिब्सनमध्ये याच त्रासावर हमबकर शोधला, पेटंटसाठी अर्ज 1955 मध्ये केला. दोन कॉइल उलट्या दिशांनी गुंडाळलेल्या, चुंबकाची टोकंही उलटी. त्यामुळे तारेचा सिग्नल जुळतो आणि गुणगुण एकमेकींना खोडते. तुमच्या गिटारवर स्विच नेक आणि मधल्या पिकअपच्या जोडीवर ठेवून पाहा. बऱ्याच गिटारमध्ये मधला पिकअप मुद्दाम उलटा गुंडाळलेला असतो, तसा असेल तर गुणगुण तिथे गायब होईल. नसेल तर सिंगल कॉइलच्याच मापाचे, आत दोन कॉइल असलेले पिकअप मिळतात.

पिकअप बदलायचं दुसरं खरं कारण म्हणजे तो मायक्रोफोनिक असणं. कॉइल मेणात नीट बुडवलेली नसली की तिचे वेढेच हलतात आणि गेनवर कर्णकर्कश शीळ येते. तपासायला तारा हाताने दाबून गप्प करा, गेन वाढवा आणि पिकअपजवळ तोंड नेऊन मोठ्याने बोला. तुमचा आवाज ॲम्पमधून आला तर तो पिकअप बदलायला माझी खुशाल परवानगी!

घ्यायचा झाला तर नुसत्या किलोओमच्या (कॉइलच्या रोधाच्या) आकड्याला भुलू नका. जुन्या घाटाचा हमबकर साधारण 7 ते 9 किलोओम, स्ट्रॅटचा सिंगल कॉइल साधारण 6. पण आकडा मोठा म्हणजे आवाज चांगला, असं नसतं. वेढे वाढले की वरचे स्वर दबतात आणि मधले पुढे येतात. चुंबक कुठला, वेढ्यांची तार किती बारीक, यानेही फरक पडतो.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार! सांगितलंत तसं सगळं केलं.

नव्या तारा चढवल्या, नेकचा पिकअप अर्धा-अर्धा फेरा करत खाली घेतला. लहर कुठल्या फेऱ्याला गेली तेही कळलं, इतका स्पष्ट फरक. आता पंधराव्या पट्टीवरही ट्यूनरचा काटा शांत उभा राहतो. गेन निम्म्यावर आणून तीन तारांवर कॉर्ड घेतले तर मेजर-मायनर लख्ख ओळखू येतात. गुणगुण नेक-मधल्या जोडीवर खरंच गेली, त्यामुळे सिंगल कॉइलना हात लावत नाही.

राहिला ब्रिजचा हमबकर. त्याच्याजवळ "एक दोन तीन" म्हटलं आणि ते ॲम्पमधून चक्क ऐकू आलं! थोडा गेन वाढवला तरी शीळ घालतो. मग हा एकच बदलला तर चालेल ना? आणि सोल्डरिंग मी स्वतः करू शकेन का?

प्रतिसाद

चालेल. तो एकटाच बदला, मलाही तेच योग्य वाटतं.

विकत घ्यायच्या आधी दोन मापं घ्या: ब्रिजवर पहिल्या आणि सहाव्या तारेतलं अंतर, आणि पिकअपच्या खाचेची खोली. हमबकर ढोबळमानाने दोन रुंदीत येतात, खांबांमध्ये 49 मिलिमीटरच्या आसपास आणि 52 च्या आसपास. स्ट्रॅटच्या आकाराच्या ब्रिजला बहुतेकदा रुंद लागतो. व्हॉल्यूमचा पॉट (बटणाखालचा बदलता रोध) 250 किलोओमचा आहे की 500 चा तेही पाहून ठेवा. हमबकरला 500 चा जुळतो, 250 वर आवाज थोडा मऊ येतो. पॉटचा आकडा बहुधा त्याच्या पाठीवर छापलेला असतो.

सोल्डरिंग जमेल. आधी निरुपयोगी वायरच्या तुकड्यांवर हात बसवा. टाका चमकदार आणि सपाट बसला पाहिजे, गोळा होऊन नाही. गिटार उघडल्यावर वायरिंगचे फोटो काढा, मगच जुना पिकअप सोडवा. वायरचे रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात, त्यामुळे एका कंपनीची आकृती दुसऱ्या कंपनीच्या पिकअपला लावू नका. प्लास्टिक बंद करण्याआधी केबल लावून स्क्रू ड्रायव्हरचं टोक खांबाला हलकेच टेकवा, "ठक" आलं की जोडणी झाली.

तारा चढवल्यावर ब्रिज आणि मधला पिकअप एकत्र वाजवून बघा. आवाज अचानक पातळ, नाकातून आल्यासारखा झाला तर नवा पिकअप उलट्या फेजमध्ये आहे, म्हणजे दोघांचे सिग्नल एकमेकांना खोडतायत. चार वायरींचा असेल तर सिग्नलचं टोक आणि ग्राउंडला गेलेलं कॉइलचं टोक यांची अदलाबदल करा. शील्डची उघडी वायर मात्र ग्राउंडवरच राहू द्या.