लशीतला ‘वाहक’ नेमका कोणता?

प्रश्न : आरोग्य कर्मचाऱ्यांसाठीच्या एका माहितीपत्रकाचं भाषांतर करते आहे. मुळात ‘व्हेक्टर’, ‘कॅरिअर’ आणि ‘अ‍ॅडज्युव्हंट’ असे तीन शब्द आहेत. माझ्या मसुद्यात तिन्हींसाठी ‘वाहक’ आलंय. चालेल का?

– ‘व्हेक्टर’ला वाहकच बरोबर. लॅटिन ‘वेहेरे’ आणि आपला ‘वह्’ धातू एकाच कुळातले. वाहन, प्रवाह, विवाह सगळे त्यातलेच. पण मराठीत डेंग्यूचा वाहक म्हणजे डास, थॅलसेमियाचा वाहक म्हणजे माणूस, आणि एसटीतला वाहक तिकीट फाडतो. म्हणून ‘वाहक विषाणू’ असं पूर्ण लिहा, म्हणजे लशीची जनुकीय सूचना पेशीत नेणारा विषाणू. कोविशील्डमध्ये चिंपांझीचा अ‍ॅडिनोव्हायरस वापरला होता आणि त्याची शरीरात वाढण्याची क्षमता काढून टाकलेली होती. हे वाक्य शब्दाला जोडूनच यायला हवं, नाहीतर ‘विषाणू टोचतात’ एवढंच लोकांच्या लक्षात राहतं.

– मी प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे. आमच्याकडे ‘कॅरिअर’ म्हणजे लशी थंड ठेवणारा चार आइसपॅकचा डबा, जो घेऊन ताई लसीकरण सत्राला जातात. तुम्ही ‘लसवाहक’ लिहिलंत तर सगळ्या डबाच समजतील. तिथं ‘व्हॅक्सिन कॅरिअर’च राहू द्या.

– ‘अ‍ॅडज्युव्हंट’ला मात्र वाहक म्हणू नका, कृपया. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ मदत करणारा. १९२६ मध्ये इंग्लंडमध्ये ग्लेनी यांनी घटसर्पाच्या टॉक्सॉइडमध्ये (जंतूच्या निष्प्रभ केलेल्या विषात) तुरटी घातली आणि प्रतिकारशक्ती जास्त जागी झाली. हो, गढूळ पाणी निवळायला आपण फिरवतो तीच तुरटी! आता बहुतेक अ‍ॅल्युमिनियमचे इतर क्षार वापरतात, म्हणून सरसकट ‘तुरटी’ लिहिणं चुकीचं ठरेल. ‘सहायक क्षार’ लिहा. लशीतला प्रतिजन (ज्याला ओळखून शरीर प्रतिकार करतं तो घटक) या क्षाराच्या कणांवर चिकटून बसतो, त्याला ‘अधिशोषण’ म्हणतात. ‘शोषण’ लिहिलंत तर अर्थच उलटतो: ते आत मुरणं, हे पृष्ठभागावर धरून ठेवणं.

– म्हणूनच टीडी (धनुर्वात-घटसर्पाची) किंवा पेंटा (पाच रोगांवरची) लस गोठली की वाया जाते. कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात. शेक टेस्टमध्ये, म्हणजे कुपी हलवून ठेवली की, ते तळाशी भराभर बसताना दिसतात. पत्रकात ‘गोठवू नका’च्या शेजारी हे कारणही लिहा ना, ताई.

– लिहिते. आणि एमआरएनए (पेशीला प्रथिन बनवायची सूचना देणारा रेणू) लशीतल्या चरबीच्या कणांना? ‘स्निग्धकण’ कसं वाटतं?

– छान. फक्त ‘वेष्टण’ म्हणू नका. ते आरएनएला पेशीच्या आतही पोचवतात.