एमबीबीएसचं पहिलं वर्ष: कळवा, नेरूळ, कामोठे. तुमचे अनुभव लिहा

भाचीला कळव्याला ॲडमिशन मिळाली. पेढे वाटून झाले, आता पोरगी गप्प गप्प आहे. आमच्या घराण्यात डॉक्टर कोणी नाही, सांगणार कोण? इथे शिकलेल्या-शिकणाऱ्यांनी लिहा. ‘खूप अभ्यास कर’ म्हणायला मामा आहे, तुम्ही बारीकसारीक सांगा.

डोंबिवली स्लो
मी कळव्याचीच, महापालिकेच्या राजीव गांधी कॉलेजची. घरून जाऊन-येऊन केलं. कळव्याला फास्ट लोकल थांबत नाही आणि स्लोमध्ये पुस्तक उघडायला हात मोकळा हवा ना! अभ्यास लायब्ररीत उरकूनच निघायचं. घरी गेलं की जेवण आणि झोप.

सगळे विचारतात ते डिसेक्शनचं, म्हणजे मृतदेहाच्या चिरफाडीचं. आधी देहदान करणाऱ्यांचा मान राखण्याची शपथ होते, मग टेबलं वाटून देतात. चक्कर येईल अशी धास्ती असते, प्रत्यक्षात छळतं ते फॉर्मेलिन, देह टिकवायचं रसायन. डोळे झोंबतात, नाक वाहतं. आणि गंमत म्हणजे त्यानंतर भूक सडकून लागते.

खरी परीक्षा काखेत. ब्रॅकिअल प्लेक्सस (हाताकडे जाणाऱ्या नर्व्ह्जचं जाळं) शोधताना चरबी बाजूला करण्यातच तास संपतो. पुस्तकात नर्व्ह पिवळी, आर्टरी लाल. इथे सगळंच मातकट. मग टेबलावर भांडण, ही नर्व्ह की रक्तवाहिनी? बोटांत धरून दाबून बघायचं: रक्तवाहिनी पोकळ लागते, नर्व्ह भरीव दोरीसारखी. हे मला टेबलावरच्या मैत्रिणीने शिकवलं. टेबल चांगलं मिळालं की निम्मं वर्ष निघालं, असं माझं ठाम मत.

लातूरकर
मराठी मीडियम, जिल्हा परिषदेची शाळा. सुरुवातीची लेक्चर्स डोक्यावरून गेली. शेजारी ठाण्यातल्या कॉन्व्हेंटचा मुलगा, त्यालाही ‘स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड’ (मानेचा एक स्नायू) म्हणता येईना, तेव्हा जीव भांड्यात पडला. अडतं ते व्हायव्हात, तोंडी परीक्षेत. येत असतं, तोंड उघडत नाही. होस्टेलवर रात्री हाडं घेऊन एकमेकांना पिडायचो: क्लॅव्हिकल, म्हणजे गळ्याखालचं हाड, हातात दिलं की आधी सांग, उजवं की डावं. तिला तेवढी सवय लावा. आणि ‘नीट’ प्रवेश परीक्षा गाजवून आलेली पोरंही कॉलेजच्या पहिल्या इंटर्नल परीक्षेला पन्नास टक्क्यांशी झगडतात, हे घरच्यांनी आधीच ऐकून ठेवावं.

पामबीच
मी नेरूळला. मला फिजिओलॉजीचं प्रॅक्टिकल जड गेलं. स्वतःच्या अनामिकेत लॅन्सेट टोचवत नाही हो! पिपेटमध्ये बुडबुडा आला की परत टोच. मग न्यूबॉर चेंबरमध्ये (चौकटी आखलेली काच) मायक्रोस्कोपखाली लाल पेशी मोजत बसा, मध्येच कोणी हाक मारली की पुन्हा एकपासून.

कामाचं एक: कळवा नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाला जोडलेलं आहे. नेरूळचं डी. वाय. पाटील, कामोठ्याचं एमजीएम ही अभिमत (डीम्ड) विद्यापीठं, परीक्षा आपापल्या. जुने पेपर गोळा करताना आपल्याच विद्यापीठाचे घ्यावेत.

कामोठे लोकल
हजेरी. थिअरीला 75 टक्के, प्रॅक्टिकलला 80. बाकी सगळं नंतर.

एका विद्यार्थ्याची आई
ॲप्रन घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नका. बाकी मला काही कळत नाही, पण तो घरी आला की ‘आज काय शिकवलं’ विचारायचं सोडलं आणि तो आपणहून बोलायला लागला.

धागाकर्ता मामा
भाची वाचतेय. विचारतेय, बोनसेट (अभ्यासाच्या हाडांचा संच) विकत घ्यायचा का?

लातूरकर
मुळीच नको, सीनियर देतात. फक्त घेताना हाडं तपासून घे म्हणावं. मनगटातलं पिसिफॉर्म हमखास गायब असतं.