नोंदी ऑब्सिडियनमध्ये आहेतच, मग वर संकल्पना-नकाशा कशाला?

नोंदवहीकर

राज्यसेवा-यूपीएससीचा अभ्यास ऑब्सिडियन किंवा लॉगसीक या नोंदी ठेवायच्या ॲपमध्ये करणारे आता पुष्कळ दिसतात. एका कलमाची एक नोंद, नोंदींमध्ये दुवे, झालंच तर टॅग. एवढं केलं की विषय बांधला गेला, असा समज आहे. माझं मत असं की गुंत्याच्या विषयांना हे पुरत नाही. सोबत हाताने काढलेला संकल्पना-नकाशा लागतो.

कारण दुव्याला क्रियापद नसतं. ग्राफ व्ह्यू, म्हणजे ॲपने नोंदींच्या दुव्यांवरून काढलेलं जाळं, उघडा: गोलकनाथ खटला (संसद मूलभूत हक्क कमी करू शकत नाही असं सांगणारा) आणि २४ वी घटनादुरुस्ती यांच्यात रेघ दिसेल. कोणी कोणाला उलटवलं ते दिसणार नाही. तीनशे नोंदी झाल्या की तोही नुसता ठिपक्यांचा गुंता होतो.

संकल्पना-नकाशा म्हणजे माइंड मॅप नव्हे. माइंड मॅपमध्ये मधोमध एक विषय आणि त्याला फुटलेल्या फांद्या असतात. जोसेफ नोव्हाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात कॉर्नेल विद्यापीठात जो प्रकार विकसित केला, त्यात प्रत्येक रेघेवर जोडशब्द असतो आणि चौकट-रेघ-चौकट मिळून एक पूर्ण विधान वाचता यावं लागतं. आडव्या जोडण्याही चालतात, किंबहुना खरा माल तिथेच असतो.

कृती थोडक्यात अशी. आधी एक प्रश्न लिहा, विषय नव्हे. ‘घटनादुरुस्ती’ हा विषय झाला. ‘संसद मूलभूत हक्क कुठपर्यंत बदलू शकते?’ हा प्रश्न. मग पंधरा ते वीस संकल्पना कडेला उतरवून ठेवा, एका चौकटीत दोन-तीन शब्दच. सगळ्यात व्यापक ती वर. रेघा ओढताना ‘संबंधित’ हा शब्द स्वतःला बंद करा. तो लिहावासा वाटला की समजा, तो भाग अजून वाचायचा आहे. वीसच्या वर चौकटी जायला लागल्या तर प्रश्न फार मोठा घेतला आहे, तो फोडा.

टाचणी

पूर्ण असहमत. नकाशा काढणं हा अभ्यास केल्याचं समाधान देणारा सगळ्यात महागडा उद्योग आहे. वीस चौकटी नीट मांडायला तास जातो आणि त्यातला निम्मा वेळ चौकटी सरकवण्यात.

पुरावा हवा असेल तर पर्ड्यू विद्यापीठातल्या कार्पिके आणि ब्लंट यांचा २०११ चा ‘सायन्स’मधला प्रयोग बघा. एका गटाने उतारा समोर ठेवून संकल्पना-नकाशे काढले, दुसऱ्याने उतारा वाचून, मिटवून, आठवेल ते लिहून काढलं. आठवड्याने चाचणी घेतली तर आठवून लिहिणारे पुढे, तेही नुसत्या माहितीच्या नव्हे, अनुमानाच्या प्रश्नांतसुद्धा. आणि शेवटची चाचणी म्हणून नकाशाच काढायला सांगितला, तरी तेच पुढे! विद्यार्थ्यांचे स्वतःचे अंदाज मात्र याच्या उलट होते.

दुसरं, हा दुहेरी संसार आहे. नोंद सुधारली की नकाशा शिळा होतो, आणि शिळा नकाशा नसलेल्या नकाशापेक्षा वाईट. राज्यघटनेला तक्ता पुरतो. आणीबाणीचं बघा: कलम ३५२ ला (राष्ट्रीय आणीबाणी) एका महिन्यात संसदेची मान्यता, तीही विशेष बहुमताने, ३५६ (राष्ट्रपती राजवट) आणि ३६० (आर्थिक आणीबाणी) ला दोन महिने, साधं बहुमत, ३५२ आणि ३५६ चं दर सहा महिन्यांनी नूतनीकरण, ३६० ला ते नाही, ३५६ ला कमाल तीन वर्षं. तीन ओळींचा तक्ता. याचा नकाशा काढून दाखवा, फक्त रेघांची जत्रा होईल.

कलमकसाई

आणीबाणीला तक्ताच हवा, वाद नाही. तिथे तीन गोष्टी एकाच निकषांवर ताडून बघायच्या आहेत. पण वर नोंदवहीकरांनी ज्या प्रश्नाचं उदाहरण दिलंय तो तसा नाही, आणि त्याचा कालानुक्रमे तक्ता केला की नेमकी चूक होते.

सगळे लिहितात तो खटल्यांचा आणि दुरुस्त्यांचा क्रम घ्या: चंपकम दोराईराजन (१९५१), पहिली दुरुस्ती (१९५१), गोलकनाथ (१९६७), २४ वी आणि २५ वी (१९७१), केशवानंद भारती (१९७३), ४२ वी (१९७६), ४४ वी (१९७८), मिनर्व्हा मिल्स (१९८०). ओळीने वाचणाऱ्याला वाटतं की ४२ व्या दुरुस्तीने जे वाढवलं ते ४४ व्या दुरुस्तीने काढलं आणि मिनर्व्हामध्ये कोर्टाने त्यावर शिक्का मारला. चूक. ४२ व्या दुरुस्तीने कलम ३१ सी चं कवच (मार्गदर्शक तत्त्वांसाठी केलेल्या कायद्यांना मूलभूत हक्कांच्या आव्हानापासून मिळणारं) वाढवलं होतं, ४४ व्या दुरुस्तीने तो विस्तार काढलाच नाही.

इथे तीन धागे आहेत. पहिला, संसदेचा अधिकार: गोलकनाथने सांगितलं की घटनादुरुस्तीही कलम १३ मधला ‘कायदा’ आहे, म्हणून मूलभूत हक्क कमी करता येणार नाहीत, २४ व्या दुरुस्तीने १३(४) आणि ३६८(३) घालून ते उलटवलं, केशवानंदमध्ये तेरा न्यायाधीशांच्या पीठाने दुरुस्ती मान्य केली, पण सात विरुद्ध सहा अशा बहुमताने मूलभूत संरचनेची (घटनेचा गाभा मोडता येणार नाही, ही) मर्यादा घातली, ४२ व्या दुरुस्तीने ३६८(४) आणि (५) घालून ती मर्यादा पुसायचा प्रयत्न केला, मिनर्व्हाने ते रद्द केलं. दुसरा, मार्गदर्शक तत्त्वं विरुद्ध हक्क: २५ वी दुरुस्ती ३१ सी आणते, फक्त ३९(ब) आणि (क) (साधनसंपत्तीचं वाटप आणि संपत्तीचं केंद्रीकरण रोखणं) या तत्त्वांसाठी, केशवानंदमध्ये त्याचा पहिला भाग टिकतो, न्यायालयीन तपासणी बंद करणारा दुसरा उडतो, ४२ वी ते कवच सगळ्या तत्त्वांना देते, मिनर्व्हा तो विस्तार काढते. तिसरा, मालमत्ता: पहिल्या दुरुस्तीतलं ३१ ए, ३१ बी आणि नववी अनुसूची (न्यायालयीन आव्हानापासून राखलेल्या कायद्यांची यादी), मग ४४ व्या दुरुस्तीने १९(१)(फ) आणि ३१, म्हणजे मालमत्तेचा मूलभूत हक्क, वगळून आलेलं ३०० ए, जिथे तो फक्त कायदेशीर हक्क उरतो.

केशवानंद पहिल्या दोन धाग्यांच्या गाठीवर आहे, मिनर्व्हाही. ४४ वी तिसऱ्यावर. तक्त्यात हे दाखवायला तीन रकाने करावे लागतील आणि केशवानंद दोन रकान्यांत दोनदा लिहावा लागेल. नकाशात तो एकदाच येतो. राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यावर नेमकी हीच गाठ विचारली जाते.

टाचणी

गाठ मान्य. पण तुम्ही ती आत्ता तीन वाक्यमालिकांत सांगितलीत आणि मला समजली. चित्र कुठे लागलं? नोंदीत हाच परिच्छेद ठेवते.

नेस्बिट आणि अडेसोपे यांचा २००६ चा आढावाही हेच सुचवतो. पंचावन्न अभ्यास एकत्र करून त्यांना नकाशांचा फायदा दिसला खरा, पण तुलना नुसतं वाचण्याशी किंवा व्याख्यान ऐकण्याशी असेल तिथे जास्त. सारांश किंवा रूपरेषा लिहिणाऱ्यांशी ताडलं की फरक बराच आक्रसतो. म्हणजे कमाई हात चालवण्याची आहे, चौकटींची नाही.

खोडरबर

तत्त्वाचं भांडण चालू द्या, मी हत्यारांबद्दल लिहितो. ‘नकाशाचा उपयोग नाही’ म्हणणाऱ्यांतले बरेच चुकीच्या साधनात अडकलेले असतात.

ऑब्सिडियन कॅनव्हास (ॲपमधलंच मोकळं पटल): नोंदीच चौकटी म्हणून ओढून टाकता येतात, रेघेवर दोनदा क्लिक करून जोडशब्द लिहिता येतो. कार्डात थेट टंकलेला मजकूर तिथेच ठेवू नका. उजवं क्लिक करून त्याची फाइल करा, म्हणजे शोध आणि दुवे नेहमीसारखे चालतात. फाइलचं नाव ऑब्सिडियनच्या आतूनच बदला. बाहेर फोल्डरमध्ये जाऊन बदललंत तर कॅनव्हासवर रिकामी चौकट राहते. चौकटीत अख्खी पानभर नोंद उघडी टाकणं ही नेहमीची चूक: दहा चौकटींत पडदा भरतो आणि रेघा दिसत नाहीत. आधी आखूड नोंदी करा, मग कॅनव्हास.

एक्सकॅलिड्रॉ प्लगइन: मोकळं रेखाटन यात उत्तम. टंकलेले शब्द शोधात सापडतात, पेनने गिरवलेले नाहीत. त्याच्या हस्ताक्षरी फॉन्टमध्ये देवनागरी नाही, म्हणून यंत्रावरचा दुसरा कुठला तरी फॉन्ट घेतला जातो. लॅपटॉपवर नीट बसलेली ‘मार्गदर्शक तत्त्वे’ टॅबवर चौकटीबाहेर येतात ती त्यामुळे. सेटिंगमध्ये स्वतःचा देवनागरी फॉन्ट नेमून द्या, किंवा चौकटी सैल ठेवा.

मर्मेड: मजकुरातून आकृती होते, त्यामुळे दुरुस्ती सोपी आणि टाचणी म्हणतात तो शिळेपणा कमी. पण मांडणी तो स्वतः करतो. बारा-पंधरा चौकटींनंतर रेघा एकमेकींवर चढतात आणि तुमच्या हातात काही नसतं. एकाच धाग्याला चांगला, तीन धाग्यांच्या गाठीला नाही. चौकटीचं नाव अवतरणचिन्हांत द्या, नाहीतर ‘१९(१)(फ)’मधल्या कंसांवर तो अडखळतो.

आणि सगळे विसरतात ते सीमॅपटूल्स. फ्लोरिडातल्या आयएचएमसी या संस्थेचं, फुकट, दिसायला जुनाट. पण नकाशातली सगळी विधानं मजकूर म्हणून बाहेर काढायची सोय त्यात आहे. ती यादी नोंदीत चिकटवा, एकेक ओळ वाचा. जी ओळ वाक्य म्हणून वाचता येत नाही तिथला जोडशब्द चुकला आहे.

सांजवात

खोडरबर, शोधाचं निघालंच आहे तर एक भर. नकाशात ‘३१ सी’, नोंदीत ‘31सी’, तिसरीकडे अधिकृत मराठी पाठातलं ‘३१ग’ असेल तर शोध यांना एक मानत नाही. देवनागरी ३१ आणि इंग्रजी 31 हे संगणकाच्या लेखी वेगळे अंक. केशवानंद आणि केसवानंद यांचंही तेच. प्रत्येक कलमाच्या नोंदीला वरच्या गुणधर्मांत पर्यायी नावं टाकून ठेवा. नकाशातली चौकट हाताने टंकू नका, नोंदच ओढून टाका.

फोनवर मात्र कॅनव्हास हा शुद्ध छळ आहे. दोन बोटांनी मोठं करा, सरकवा, संदर्भ हरवा. फोनवरच उजळणी करणाऱ्यांनी नकाशाचं चित्र काढून अँकी या उजळणीच्या कार्डांच्या ॲपमध्ये टाकावं आणि इमेज ऑक्लूजनने (चित्राचा भाग झाकून विचारायच्या सोयीने) चौकटी नव्हे, जोडशब्द झाकावेत. चौकटी झाकल्या तर नुसती नावं पाठ होतात.

नोंदवहीकर

टाचणी, २०११ चा प्रयोग तुम्ही बरोबर मांडलात, पण कळीचा शब्द तुमच्याच वाक्यात आहे: ‘उतारा समोर ठेवून’. त्याच दोघांनी २०१४ मध्ये पुढचा प्रयोग केला. त्यात उतारा मिटवून, आठवणीतून नकाशा काढायला लावला. तेव्हा तो आठवून परिच्छेद लिहिण्याइतकाच उपयोगी ठरला. म्हणजे दोष नकाशाचा नव्हता, उघड्या पुस्तकाचा होता.

म्हणून क्रम असा ठेवावा. ऑब्सिडियन बंद, कोरा ए-फोर कागद आडवा, वीस मिनिटं. आठवतं तेवढं पेन्सिलने. मग नोंदी उघडून चुकलेल्या रेघा लाल पेनने. लाल खुणा जिथे आहेत तेवढ्याच गोष्टी नोंदीत वाक्य म्हणून घाला आणि कागद टाकून द्या. दुहेरी संसाराचा प्रश्न उरत नाही, कारण जपायला नकाशाच नाही. कॅनव्हास फक्त त्या दोन-चार गाठींसाठी ज्या प्रत्येक उजळणीत पुन्हा चुकतात.

टाचणी

‘इतकाच’ उपयोगी, जास्त नाही. मग मी परिच्छेदच लिहीन, परीक्षेतही तोच लिहायचाय. कागद फेकायचा असेल तर मात्र माझा निम्मा आक्षेप गेला. लाल पेनाची पद्धत मी परिच्छेदाला लावून बघेन.

कलमकसाई

जरूर लावा. फक्त परिच्छेदात ‘त्यानंतर’ हा शब्द जिथे येईल तिथे लाल खूण करा. ‘४२ वी दुरुस्ती झाली, त्यानंतर ४४ वी’ हे वाक्य व्याकरणाने चोख आहे आणि ३१ सी बद्दल काहीच सांगत नाही. नकाशात रेघेवर ‘त्यानंतर’ लिहायला गेलात की पुढचा प्रश्न लगेच येतो: मग हिने तिचं केलं काय?