जीआरईसाठी इंग्रजी शब्दसंग्रह : अर्थ पाठ आहेत, पण वाक्यात योग्य शब्द निवडता येत नाही

प्रश्न – अक्कलकोट रोड

मी सोलापुरात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमात झाले असून परदेशात एमएस करण्यासाठी पुढच्या हिवाळ्यात जीआरई ही प्रवेशासाठीची परीक्षा देण्याचा विचार आहे. गणिताची मला चिंता वाटत नाही, चिंता आहे ती शब्दांची. घराशेजारी यंत्रमाग दिवसभर चालू असल्यामुळे मी संध्याकाळी हिराचंद नेमचंद वाचनालयात बसते आणि एका वरिष्ठ विद्यार्थ्याकडून मिळालेली शब्दांची मोठी यादी पाठ करते. माझ्या वहीत ‘लोक्वेशस’, ‘गॅर्युलस’ आणि ‘व्होल्युबल’ या तिन्ही शब्दांपुढे ‘वाचाळ’ असेच लिहिलेले आहे. अर्थ विचारला तर मी लगेच सांगते, परंतु रिकाम्या जागेसाठी यांतला एक निवडायचा झाला की हात थांबतो. पुण्यात राहून वर्ग लावणे आम्हाला परवडणार नाही. घरी राहून हा अभ्यास नीट कसा करावा, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

उत्तर – होटगीकर

सर्वप्रथम ती यादी कोणत्या काळातली आहे ते पाहा. विरुद्धार्थी शब्द आणि शब्दसादृश्य (दिलेल्या दोन शब्दांसारखेच नाते असलेली दुसरी जोडी ओळखणे) यांचे प्रश्न २०११ मध्येच या परीक्षेतून काढून टाकले गेले, आणि अनेक जुन्या याद्या त्या प्रश्नांसाठीच तयार झाल्या होत्या. सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा आणखी आटोपशीर झाली आहे. एकूण वेळ १ तास ५८ मिनिटांचा असून भाषेच्या दोन विभागांत मिळून ४१ मिनिटांत २७ प्रश्न सोडवायचे असतात. सुटा शब्द देऊन त्याचा अर्थ त्यात कोठेही विचारला जात नाही. शब्द नेहमी वाक्यातूनच समोर येतो, म्हणून तो वाक्यातच शिकला पाहिजे.

समजा, वाक्य असे आहे : ‘मंत्र्यांचे उत्तर इतके ---- होते की योजनेचे समर्थक आणि विरोधक या दोघांनीही ते आपल्याच बाजूचे असल्याचे सांगितले.’ सहा पर्यायांतून असे दोन शब्द निवडायचे आहेत की त्यांपैकी कोणताही भरला तरी वाक्याचा अर्थ एकच व्हावा. पर्याय आहेत ‘कॅन्डिड’, ‘व्हर्बोस’, ‘इक्विव्होकल’, ‘प्रोलिक्स’, ‘लॅकॉनिक’ आणि ‘अँबिग्युअस’. पर्यायांकडे न पाहता आधी रिकाम्या जागेत मराठी शब्द भरा. दोन्ही बाजूंना आपापल्या सोयीचा अर्थ काढता आला, म्हणजे उत्तर ‘संदिग्ध’ होते. आता ‘इक्विव्होकल’ आणि ‘अँबिग्युअस’ सापडायला वेळ लागत नाही. ज्याने आधी पर्याय वाचले, त्याला ‘व्हर्बोस’ आणि ‘प्रोलिक्स’ ही ‘पाल्हाळिक’ अर्थाची जोडी दिसते आणि समानार्थी जोडी मिळाली या समाधानात तो चुकीचे उत्तर देतो. अशी जोडी मुद्दाम पेरलेली असते. एक शब्द बरोबर आणि दुसरा चूक असल्यास अर्धा गुण मिळत नाही. मात्र चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये.

उत्तर – निवृत्त शिक्षिका

तुला एकेरी लिहिते, राग मानू नकोस. तुझ्या वहीत एकच अडचण आहे : मराठीतील अर्थच्छटा आपल्याजवळ असूनही तू त्या वापरलेल्या नाहीत. ‘लोक्वेशस’ म्हणजे बोलघेवडा, ज्याला बोलायची आवड आहे तो. ‘गॅर्युलस’ म्हणजे क्षुल्लक गोष्टींचे चऱ्हाट लावून ऐकणाऱ्याला कंटाळा आणणारा. ‘व्होल्युबल’ म्हणजे भराभर आणि न अडखळता बोलणारा, आणि त्यात निंदा असतेच असे नाही. प्रत्येक शब्दापुढे तो स्तुतीचा, निंदेचा की तटस्थ, हेही लिहीत जा, कारण पुष्कळदा वाक्यातील ‘परंतु’ किंवा ‘तरीही’ यांसारखा शब्द नेमकी तेवढीच दिशा दाखवत असतो.

मराठी माध्यमाचे ओझे तर मुळीच मानू नकोस. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात, असे विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्यात मांडले होते. त्या नात्याचा आपल्याला आजही उपयोग होतो. ‘मॉरिबंड’ म्हणजे मरणोन्मुख, आणि त्यातील लॅटिन धातू आपल्या ‘मृ’ धातूचा सख्खा भाऊ आहे. ‘नॉमिनल’ म्हणजे नाममात्र, ‘नोव्हिस’ म्हणजे नवखा. उपसर्ग आणि धातू वेगळे करण्याची जी सवय तुला शाळेत लागली, तीच येथेही चालते. मात्र दिसण्यावर भरवसा ठेवू नये. ‘एनर्व्हेट’ ऐकून ‘एनर्जी’ आठवते, पण त्याचा अर्थ निःसत्त्व करणे असा अगदी उलट आहे. ‘नॉइसम’ या शब्दाचा ‘नॉइज’शी संबंध नाही, तो दुर्गंधीयुक्त किंवा अपायकारक वस्तूला लावतात.

उत्तर – सात रस्ता

वरील दोन्ही प्रतिसाद पटले, पण पाठांतराला इतके दूर सारू नये असे मला वाटते. शब्द मुळात ओळखीचाच नसेल, तर वाक्याचा अर्थ लागूनही पर्यायांतून निवड करता येत नाही. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरसमूह पाठ करून विस्मरण मोजले आणि ते निष्कर्ष १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. सुरुवातीला आपण झपाट्याने विसरतो, पुढे विसरण्याचा वेग मंदावतो, आणि अंतर ठेवून केलेली उजळणी टिकते, हे त्यातून दिसले. सेबास्टियन लाइटनर यांची कार्डांची पेटी याच तत्त्वावर चालते. बुटांच्या खोक्यात पुठ्ठ्याचे कप्पे करा. आलेले कार्ड पुढच्या, उशिरा उघडायच्या कप्प्यात जाते. न आलेले पुन्हा पहिल्यात येते. कार्डाच्या एका बाजूला शब्द गाळलेले वाक्य आणि दुसऱ्या बाजूला तो शब्द लिहिला, तर होटगीकर म्हणतात ते आणि पाठांतर ही दोन्ही कामे एकदमच होतील. ‘अँकी’ हे मोफत सॉफ्टवेअरही अशीच उजळणी करून घेते.

प्रश्नकर्ती – अक्कलकोट रोड

बाई, आपल्या उत्तराने मोठा धीर आला. आज वाचनालयात बसून ‘पाल्हाळिक’ आणि ‘अबोल’ या दोन टोकांमधले शब्द छटेनुसार लावून पाहिले. सात रस्ता यांनी सांगितल्याप्रमाणे खोकेही तयार करते आहे. एक शंका राहिली आहे. सोपे वाटणारे शब्दही परीक्षेत चकवतात असे ऐकले. त्यांची तयारी कशी करावी?

उत्तर – होटगीकर

ते खरे आहे, आणि याद्यांमध्ये हेच शब्द सुटतात. ‘क्वालिफाय’ म्हणजे केवळ पात्र ठरणे नव्हे. एखादे विधान मर्यादा घालून सौम्य करणे हाही त्याचा अर्थ आहे. ‘चेक’ म्हणजे आवर घालणे, ‘अरेस्ट’ म्हणजे वाढ किंवा प्रक्रिया थांबवणे, ‘टेम्पर’ म्हणजे तीव्रता कमी करणे. ‘सँक्शन’ तर मंजुरीही आहे आणि निर्बंधही. ओळखीचा शब्द वाक्यात बसेनासा झाला की शब्दकोशातील त्याचे सर्व अर्थ वाचावेत आणि नवा अर्थ वेगळ्या कार्डावर लिहावा. परीक्षा घेणाऱ्या ईटीएस संस्थेच्या ‘पॉवरप्रेप’मध्ये दोन पूर्ण सराव परीक्षा विनामूल्य आहेत. त्यांतली एक आताच द्या आणि प्रत्येक चुकलेल्या उत्तरापुढे शब्द माहीत नव्हता, की शब्द माहीत असूनही वाक्याचा रोख कळला नाही, ते लिहा. पहिल्या प्रकारच्या चुका खोक्यात जातील. दुसऱ्या प्रकारच्या चुका अधिक निघाल्या, तर नवीन शब्द काही काळ थांबवून रोज एखादा इंग्रजी अग्रलेख सावकाश वाचा आणि लेखकाचे म्हणणे कोणत्या शब्दापाशी वळले, तेथे खूण करा.