पावसाळ्यात पाय घसरतो, ऑफिसच्या सायकलला कोणतं पेडल घेऊ?

कोथरूडकर: रोज कोथरूड ते शिवाजीनगर सायकलने जाते. सोबत आलेली प्लॅस्टिकची पेडलं पार गुळगुळीत झालीत. परवा पावसात सिग्नल सुटल्यावर जोर दिला आणि पाय सटकून पेडल नडगीवर बसलं, अजून काळंनिळं आहे. दुकानदार क्लिपवाली पेडलं घ्या म्हणतो. पायात साधी सँडल किंवा ऑफिसचे बूट असतात. काय करू?

जुना सायकलस्वार: क्लिपवाली नकोच, ताई. त्यांना वेगळे बूट लागतात आणि दर सिग्नलला पाय सोडवत बसावं लागतं. रुंद, सपाट नायलॉनची पेडलं घ्या, वर बारीक खिळे असलेली. चवडा पूर्ण टेकला पाहिजे. लोखंडी खिळे पातळ तळव्याला टोचतात, तुमच्या सँडलला प्लॅस्टिकचेच बरे. रिफ्लेक्टर असलेलीच घ्या, अंधारात मागच्याला ते वरखाली हलताना लगेच दिसतात.

कोथरूडकर: घरी बसवता येतील?

जुना सायकलस्वार: येतील, १५ मिमीचा पाना लागेल. आधी पेडलच्या आट्यांचं माप बघा: क्रँक (पेडल ज्यात बसतं तो दांडा) तीन भागांची, म्हणजे दोन दांडे आणि मधला आस वेगवेगळे असतील तर बहुधा ९/१६ इंच, सगळं एकाच अखंड तुकड्याचं असेल तर १/२ इंच. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, त्यामुळे ते घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटतं. आट्यांना ग्रीस लावा, नाहीतर पावसाने गंजून जाम होतात. सुरुवात हातानेच करा. तिरकं बसलं तर क्रँकचे आटे जातात.

कोथरूडकर: रविवारी बसवतेच. मनापासून आभार!